निजलंय, हळू बोल

कुणी "कसं काय?" असं विचारलं की आत्याबाई लगेच उत्तर देत नसत. आधी उजव्या खुब्यावर तळवा ठेवायच्या, मान किंचित कलती करायच्या आणि पाळण्यातलं मूल जागं तर झालं नाही ना, याचा कानोसा घ्यावा तशा क्षणभर थांबायच्या. मग ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "निजलंय. हळू बोल."

निजलेलं म्हणजे त्यांचं दुखणं. समोरचा माणूस हसायचा आणि खरंच आवाज खाली आणायचा. चिंचवड स्टेशनवरचा हमालसुद्धा आणायचा. मी मात्र त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्याने बोलत असे. का ते सांगते.

आत्याबाई माझ्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातली, पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई. आमच्या शेजारच्या खोलीत त्यांचा भाचा राहायचा, आणि त्याची आत्या ती हां हां म्हणता आख्ख्या आळीची आत्याबाई झाली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. येऊन आठवडा होत नाही तोच कुणाच्या घरात मिरचीचा डबा कुठल्या फळीवर असतो, हे त्यांना ठाऊक असतं. त्या इथे आल्या होत्या त्या रोज पुण्याला जाऊन विजेचा शेक घ्यायचा म्हणून. मोशीहून बैलगाडीने रोज स्टेशन गाठणं त्यांच्या खुब्याला सोसत नव्हतं. त्यांच्या छातीचा आजार कापून काढला होता, तो काही वर्षांनी खुब्याच्या हाडात उगवला होता. आणि त्याच सुमारास, त्याच इस्पितळात, तोच शेक आमच्या ह्यांचा सुरू होत होता.

हे पिंपरीला, नव्याने उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात, भांडारात कारकून होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मूळचे आम्ही वाईकडचे, नोकरीपायी चिंचवडला आलेलो. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे ह्यांच्यात वाटेकरी असा कुणी नव्हता; हे सगळेच्या सगळे माझे होते. ह्यांचं एक मूत्रपिंड काढलं तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. पण तेच दुखणं पुढे पाठीच्या मणक्यात उतरलं. कॅन्सर हा शब्द तेव्हा कुणी घरात उच्चारत नसे. आम्ही 'पाठ' म्हणायचो.

डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. "बाई, या शेकाने आजार जाणार नाही. दुखणं कमी होईल. त्यांना झोप लागेल, बसता येईल. तेवढ्यासाठीच देतो आहोत." मी मान हलवली आणि बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "शेक घेतला की बरं वाटेल म्हणाले." खोटं तर नव्हतं. तेव्हापासून माझी एवढीच इच्छा उरली. ह्यांनी एकदा पाटावर मांडी घालून, माझ्यासमोर बसून जेवावं. गेले कित्येक महिने हे भिंतीला टेकून उभ्याने चार घास गिळत होते, आणि मी ताट धरून उभी राहत होते.

शाळेत मी दुपारची पाळी मागून घेतली. सकाळच्या गाडीने आम्ही पुण्याला जायचो आणि आमच्याच डब्यात आत्याबाई असायच्या. शेकाच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आत एका वेळी एकालाच नेत. जाड दार लागायचं, यंत्र घोंगावू लागायचं. आत बायकोलाही परवानगी नव्हती.

"भ्या वाटत न्हाई का आत, आत्याबाई?" ह्यांनी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"कशाचं भ्या? जल्मात पयल्यांदाच कुनी मला एकटीला पडू देतंय. सून न्हाई, गुरं न्हाई, 'आत्या, भाकरी' न्हाई. देव बी बाहीरच थांबतो. मी तर डोळं मिटून घेते."

हे हसले. चांगले खळखळून हसले आणि मग पाठ धरून बसले. किती महिन्यांनी मी ते हसू ऐकत होते. ते माझ्यासमोर आलं खरं, पण माझ्यासाठी आलं नव्हतं. मी पिशवीतला पंचा काढून उगाच त्याची घडी करत बसले.

पहिल्या आठवड्यात ह्यांचं दुखणं कमी व्हायचं सोडून उलट वाढलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, धीर धरा. मी धीर धरला. आणि एका सकाळी आत्याबाई वांग्याच्या भाजीची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. चेहरा धुतल्यासारखा.

"रातभर निजले गं, मास्तरणी. आधी खुबा निजला, मग म्या निजले. कोंबडं बी ऐकलं न्हाई."

मी "बरं झालं" म्हटलं आणि वाटी घेतली. आतल्या खोलीत हे उशी दातात धरून पडले होते. मला त्या बाईचा इतका हेवा वाटला, की भाजी ओट्यावर तशीच झाकून ठेवली. तुम्ही म्हणाल, आजारी बाईचा कसला हेवा? वाटतो. शेजारच्या पानात तूप पडतं आणि आपल्या माणसाचं पान कोरडं राहतं, तेव्हा वाटतोच. पंक्तिप्रपंच म्हणतात तो हाच. त्या दिवशी मी यंत्र चालवणाऱ्या माणसाला गाठून विचारलंसुद्धा, "त्या मोशीच्या बाईंना शेक जास्त वेळ देता का हो?"

तो बघतच राहिला. "बाई, शेक म्हणजे काय जिलबी आहे, ओळखीच्या पानात जास्त वाढायला?"

त्या दिवसापासून 'निजलंय' सुरू झालं. आळीत, गाडीत, टांग्यात, जो विचारील त्याला. आणि त्या दिवसापासूनच माझा आवाज चढला.

आता त्या जांभळ्या रेघांचं सांगायला हवं. शेक नेमका कुठे द्यायचा ते कळावं म्हणून डॉक्टर कातडीवर जांभळ्या औषधाने चौकोन आखत. तो पुसला की पुन्हा सगळी मापं. म्हणून त्या जागेला पाणी लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. ह्यांना अंघोळीचा भारी षोक. बंबातलं कढत पाणी, आणि ते पाठीवर घालायला मी. लग्न झाल्यापासून त्यात खंड नव्हता. आम्ही दोघं फारसं बोलणारी माणसं नव्हतो. जे काही बोलायचो ते त्या वेळी. हे माझ्याकडे पाठ करून बसायचे, दुखणं वाढल्यावर उभे राहायचे, मी तांब्याने पाणी घालायचे आणि घरातल्या सगळ्या गोष्टी तिथे ठरायच्या. रेघा आल्या आणि ते थांबलं. मी ओल्या फडक्याने हातपाय पुसून देऊ लागले. बंब कोपऱ्यात थंड पडून राहिला.

एका संध्याकाळी शाळेतून आले तर आमच्या दारातून एक गोंदारीण बाहेर पडत होती. कमरेला सुयांची पुरचुंडी, पदरात शेरभर ज्वारी. आत हे पलंगावर पालथे, सदरा मानेपर्यंत वर. उंबऱ्यावर आत्याबाई, मर्यादेने त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्या. ह्यांच्या पाठीवर, जांभळ्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, चार हिरवे ठिपके. अजून रक्ताळलेले.

"माज्या बी चार," आत्याबाई म्हणाल्या. मग बाही मागे सारून दंडावरची गोंदलेली तुळस दाखवली. "ही माज्या लग्नाआदीची. किती पानी गेलं हिच्यावरनं, हलली न्हाई. त्या डाक्तरचं जांभळं दोन दिसात उडतंय. म्हनलं, आपल्याकडं पक्कं हाय, तर कच्चं कशापायी वागवायचं?"

मला काय झालं ते सांगते. लग्नाच्या पहिल्या वर्षी वाईकडच्या एका जत्रेत मी मनगटावर ह्यांचं नाव गोंदवून घ्यायला बसले होते. हातसुद्धा पुढे केला होता. ह्यांनी उठवलं. म्हणाले, "शिकलेल्या बाईच्या हातावर हे कसलं रानटीपण?" मी उठले. मनगट अजून कोरं आहे माझं. आणि आता तोच माणूस या बाईच्या एका शब्दावर उघड्या पाठीने गोंदारणीसमोर पालथा पडला होता.

आत्याबाई गेल्यावर मी विचारलं, "मला विचारावं असं वाटलं नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग तर विचारायलाच हवं होतं."

ह्यांनी सदरा खाली ओढला. मी चुलीवर भाकरी करपवली आणि त्यांना तीच वाढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकाशपाताळ एक केलं. शेकाच्या जागी सुया टोचतात का, पिकलं असतं म्हणजे काय केलं असतं, कुणाच्या डोक्यातलं हे? आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "सायेब, तुमचं पुसतंय, आमचं ऱ्हातंय." डॉक्टरांनी पट्टी घेऊन ह्यांच्या पाठीवर मापं धरली. ठिपके बरोबर बसले होते. मग त्यांनाच हसू आलं. म्हणाले, "पुन्हा सुई लावायची नाही. पण आता पाठीवर पाणी घातलंत तरी चालेल. कोमट. साबण नाही, चोळायचं नाही."

आत्याबाईंचं मात्र उलटं झालं. त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांची शेकाची जागा थोडी खाली सरकवली, आणि नवा जांभळा चौकोन आखला. त्यांचे चार ठिपके वाया गेले. "चार मुंग्या फुकट पोसल्या म्या," असं म्हणून त्या बाकावर हसत बसल्या. मला खरं सांगायचं तर मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. एकदा तरी आमच्या पानात तूप पडलं होतं.

घरी येऊन मी बंब घासला, पेटवला. ह्यांना मोरीच्या भिंतीला धरून उभं केलं, पाठीवर पहिला तांब्या घातला. हे डोळे मिटून नुसते "हं" म्हणाले. बाहेर ओसरीवर आत्याबाई शेंगा सोलत होत्या. ह्यांना त्या भाऊ म्हणायच्या. नंतर मला म्हणाल्या, "गाडीत भाऊ म्हनला हुता, बाकी समदं सोसतो, पर मास्तरणीच्या हातचं पानी तुटलं, त्येवढं सोसत न्हाई. म्हनून बोलावली गोंदारणीला."

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण हे मलाच तसं का म्हणाले नाहीत? माझ्या पाण्याची गोष्ट गाडीच्या खिडकीशी बसून त्या बाईला सांगितली, आणि मला ती शेंगांच्या टरफलांबरोबर मिळाली.

पुढच्या आठवड्यात ह्यांचं दुखणं हळूहळू उतरत गेलं. एक दिवस मी ताट घेऊन भिंतीपाशी गेले तर हे म्हणाले, "पाट मांड." मी पाट मांडला. हे बसले, सावकाश एक पाय, मग दुसरा पाय दुमडला. मी वाढू लागले तर पळीतली आमटी अर्धी बाहेर गेली. ह्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आठवडाभर मी आमटीत मीठ कमीच घातलं.

शेक संपला, हे पुन्हा कारखान्यात जाऊ लागले. माझ्या शाळेत तपासणी होती त्या दिवशी हे कारखान्यात न जाता आत्याबाईंच्या भाच्याच्या गाडीतून मोशीला हुरडा खायला गेले. दोन महिन्यांपूर्वी जो माणूस टांग्यात बसून किंचाळायचा, तो बैलगाडीने मोशीला. इंद्रायणीच्या काठावर हात टेकून बसले म्हणे, पाण्यात पाय सोडले म्हणे. म्हणे, कारण मी तिथे नव्हते. मी तपासणी अधिकाऱ्यांपुढे पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते. ह्यांचा पहिला बिनदुखण्याचा दिवस तिकडे खर्च झाला. फडक्यात बांधलेला हुरडा माझ्यासाठी आला. मला भूक नाही म्हटलं. मग हे झोपल्यावर सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना हौदापाशी गाठलं. "काय बोलत होता एवढं दिवसभर?"

त्यांनी घागर खाली ठेवली. "मरनाचं."

मी एकदम त्यांचा हात धरला. "तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"म्या कशाला सांगू? त्याला आदीपासनं ठाव हाय. मला बी हाय माजं. ह्यो शेक बरं व्हायचा न्हाई, निजवायचा हाय, येवढं आमाला दोगांना कळतंय. तुला सांगू नको म्हनला. म्हनला, तिला पोरांपुढं हुबं ऱ्हावं लागतं, तिथं ती रडंल."

म्हणजे मी ह्यांच्यापासून लपवत होते, हे माझ्यापासून लपवत होते आणि आमचं दोघांचं ही बाई पदराला गाठ मारून हिंडत होती. मी रडले नाही. मला राग आला. मरणाचं बोलायला ह्यांना माणूस हवं होतं, तर घरात मी नव्हते का? पण कुठल्या तोंडाने विचारणार? मीच तर 'बरं वाटेल म्हणाले' असं सांगून बसले होते. घरी दोघंही 'पाठ' म्हणत राहिलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर आत्याबाईंना धाप लागू लागली. आजार आता आत, शेक पोचणार नाही अशा जागी गेला होता. त्यांनी स्वतःच भाच्याला गाडी जुंपायला सांगितली. कडब्यावर वाकळ अंथरून त्यांना निजवलं, आख्खी आळी गोळा झाली. हे काठी टेकत बाहेर आले, त्यांच्या पाया पडले आणि आत निघून गेले. मी चाकाशी उभी होते. काहीतरी बोलायचं म्हणून नेहमीच्याच मोठ्या आवाजात विचारलं, "कसं काय, आत्याबाई?"

त्यांनी खुब्यावर तळवा ठेवला नाही. माझ्याकडे बघून हसल्या. "आज समदं जागं हाय गं. आज तू मोठ्यानं बोललीस तरी चालंल."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझा चढलेला आवाज त्यांनी पहिल्या दिवसापासून ओळखला होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. आत्याबाई पुन्हा भेटल्या नाहीत.

थोड्याच दिवसांत, आत्या गेली, असं भाचा सांगायला आला. ते ऐकून हे रडले. ह्यांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, आणि त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं, माझ्यासाठी रडला असतात का हो एवढे? माणूस गेलं तरी हेवा जात नाही. तो मागेच राहतो.

त्यानंतर अंघोळीच्या वेळी, पाठीवर पाणी पडत असताना, हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला ठाऊक आहे ना?"

मी तांब्या बंबावर ठेवला. "हो."

"मलाही."

"मला कळलंय ते."

"आत्याबाईंनी सांगितलं?"

"हो."

"बरं झालं," हे म्हणाले. "मला जमत नव्हतं." मी पुन्हा पाणी घालू लागले. चार ठिपके ओले होऊन हिरवेगार दिसत होते. त्या दिवशी आम्ही पाणी गार होईपर्यंत बोललो. कारखान्याच्या फंडाचं, वाईच्या घराचं, मी पुढे कुठे राहायचं त्याचं. मग त्या जत्रेचंही निघालं. हे म्हणाले, "तुला गोंदवून घेऊ द्यायला हवं होतं." एवढं बोलणं आमच्या संसारात कधी झालं नव्हतं. ते मला मिळालं. उशिरा मिळालं, पण माझ्या एकटीला मिळालं.

पावसाळा सरता सरता हे अंथरुणाला खिळले. आजार सगळीकडे गेला, पण पाठ तेवढी शेवटपर्यंत दुखली नाही. शेकाने आपला शब्द पाळला. शेवटच्या दिवशी दुपारी मी उशाशी बसले होते. ह्यांचे डोळे मिटलेले. मी विचारलं, "पाठ दुखतेय का?"

ह्यांनी हात सावकाश मागे नेला, कमरेवर तळवा ठेवला, मान जराशी कलती केली आणि थांबले. मग दुसऱ्या हाताचं बोट ओठांपाशी नेऊन म्हणाले, "निजलंय. हळू बोल."

त्यानंतर हे बोलले नाहीत. लग्नाच्या नवऱ्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य, आणि तेही त्या बाईचं. मी हळू बोलले. काय बोलले ते सांगणार नाही, ते माझं आहे.

आता माझेही गुडघे दुखतात. चिंचवडची ती आळी राहिली नाही, मोशीलाही शेतांतून नवे रस्ते निघाले म्हणतात. कुणी ओळखीचं भेटलं आणि "कसं काय?" म्हणालं, की तळवा आपोआप गुडघ्यावर जातो, मानही कलते. ओठांवर ते वाक्य येतं. मी ते गिळते आणि म्हणते, "दुखतंय." ते वाक्य त्या दोघांचं आहे. मी ते वापरणार नाही.